अर्जदार नाना

नानांना "तब्येत कशी आहे?" असं विचारणाऱ्याजवळ दोन गोष्टी हव्यात: हाताशी तासभर वेळ आणि नीट दिसणारे डोळे. कारण नाना तोंडी उत्तर देत नाहीत. ते आत जातात, पलंगाखालची कापडी पिशवी ओढतात, तिच्यातून मोठा पिवळा लिफाफा काढतात आणि एक्स-रेची फिल्म दाराच्या उजेडाला धरतात. "ही प्लेट. हे स्क्रू. मोजा." पाहुणा मोजतो. सहा भरतात. नाना समाधानानं मान हलवतात, कारण सहाच भरणार हे त्यांना ठाऊक असतं. मग बाजूनं काढलेली दुसरी फिल्म बाहेर येते आणि प्लेटच्या आड दडलेला सातवा स्क्रू दिसतो. या सातव्या स्क्रूवर नानांचा फार जीव आहे. पहिल्या फिल्ममध्ये तो दिसत नाही ही विमा कंपनीच्या वकिलाचीच खेळी असल्यासारखं ते बोलतात.

तोवर काकू चहा आणतात. कप ठेवता ठेवता "झालं का मोजून?" एवढंच विचारतात.

नाना आमच्या गावचे टेलर. दुकान शाळेसमोर. मी त्याच शाळेत शिकवतो, त्यामुळं गावातल्या दोन पिढ्यांच्या चड्ड्या आणि नानांच्या तक्रारी या दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांदेखत वाढल्या. माणूस कलाकार. खांदा न उचलणारा सदरा शिवावा तो नानांनीच. पण तीस वर्षं त्यांनी गावाला तारखा दिल्या. "गुरुवारी या," म्हणायचे. कुठल्या गुरुवारी, हे विचारायची रीत नव्हती. हळदीच्या अंगानं नवरदेव दुकानाच्या पायरीवर येऊन बसले आहेत आणि आत नाना काज करताहेत, असं आम्ही पाहिलेलं आहे. असा माणूस २०१९ साली कोर्टात गेला आणि पुढं सहा वर्षं त्याला दुसऱ्यानं तारखा दिल्या. गावातल्या बऱ्याच जणांच्या मते न्याय तिथंच झाला होता. निकाल नंतर लागला एवढंच.

अपघात जानेवारीतला. आमच्याकडं जानेवारीत गाळप हंगाम ऐन भरात असतो. कारखान्याकडं निघालेल्या ट्रॅक्टरांची रांग रात्रंदिवस रस्त्यावर. एकेका ट्रॅक्टरमागं दोन ट्रेलर, आणि त्यांवर ऊस इतका रचलेला की मागच्याला नुसती एक हिरवी भिंत सरकताना दिसते. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, आणि गाणी मोठ्यानं लावलेली असल्यामुळं ऐकूही येत नाही. ट्रेलरला मागं दिवा हवा, रिफ्लेक्टर हवा, हे सगळ्यांना माहीत आहे. हंगाम सुरू झाला की रिफ्लेक्टर लावण्याचा कार्यक्रम होतो, त्याचे फोटो छापून येतात आणि पंधरवड्यात ते रिफ्लेक्टर चिखलाखाली जातात. नाना शेजारच्या बाजारातून अस्तर आणि गुंड्या घेऊन आपल्या एम-एटीवरून येत होते. दिवेलागणीची वेळ. ट्रॅक्टर हळू चाललाय म्हणून ते उजवीकडून पुढं काढायला गेले आणि तेवढ्यात ट्रॅक्टर, ना हात ना दिवा, उजव्या अंगाच्या पाणंदीला वळला. नानांचा डावा पाय गाडी आणि ट्रेलर यांच्या मध्ये सापडला. गुडघ्याखालचं हाड दोन ठिकाणी मोडलं. लोक धावले, कुणी पाय धरला, कुणी डोकं धरलं. नाना पूर्ण शुद्धीवर होते आणि ओरडून सांगत होते, "आधी गुंड्या गोळा करा! सगळ्या एका मापाच्या आहेत!"

पंचनाम्याची नक्कल हातात आली तेव्हा नानांना पहिला धक्का बसला. तीत रस्त्याची दिशा होती, डांबराची रुंदी होती, चाकांच्या घासल्याच्या खुणा होत्या, फुटलेली काच होती, सांडलेल्या उसाच्या मोळ्या होत्या. नाना कुठंच नव्हते. असणार कसे? पंचनामा चालला होता तेव्हा ते हॉस्पिटलात होते. 'एक जुनी वापरती मोपेड' मात्र होती. "गाडीला जुनी म्हणतायत आणि मला काहीच म्हणत नाहीत," असं नाना मला म्हणाले. मला तेव्हा हसू आलं होतं. पण पुढच्या सहा वर्षांत नाना ज्या कशाच्या मागं लागले होते, त्याचं सूत्र या एका वाक्यात आलेलं होतं.

मोटार अपघाताच्या दाव्याचं लोकांना वाटतं तसं नसतं. पोलिसांची केस वेगळी. ती ड्रायव्हरवर झाली, दंड संहितेच्या २७९ आणि ३३८ कलमांखाली, आणि तिच्यात नाना नुसते साक्षीदार. नानांची स्वतःची केस १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढं. नाव भारदस्त असलं तरी इमारत तीच, जिल्हा न्यायाधीश तेच, बाहेरचा चहावालाही तोच. नाना त्याला 'मॅक्ट' म्हणतात, आणि एखाद्या जवळच्या नातेवाइकाचं नाव घ्यावं तसं म्हणतात. कागदावर नाना 'अर्जदार' झाले. ट्रॅक्टरचे मालक 'सामनेवाला क्रमांक १' आणि विमा कंपनी 'सामनेवाला क्रमांक २'. मागणी दहा लाखांची. अर्जदार हे पद नानांना मानवलं. दुकानातल्या मापाच्या वहीत गिऱ्हाइकांच्या नावापुढं क्रमांक पडू लागले, आणि उधारीवाल्यांना ते सामनेवाले म्हणू लागले.

कायद्यानं दुखण्याचे खाने पाडून ठेवलेत. औषधोपचाराचा खर्च, बुडालेली कमाई, पुढं बुडणारी कमाई, वेदना आणि यातना, विशेष आहार, मदतनीस, जाण्यायेण्याचं भाडं, आणि आयुष्यातल्या सुखांची हानी. मोडलेला पाय पहिल्यासारखा परत करणं कुठल्याच कोर्टाच्या हातात नाही, म्हणून त्याचे पैसे करायचे. आणि पैसे करायचे तर खाने हवेतच. त्यात वावगं काही नाही. पण नाना प्रत्येक खान्यात जाऊन मुक्काम करायला लागले.

सुखांची हानी या खान्यासाठी वकीलसाहेबांनी विचारलं, "नाना, आधी जमायचं आणि आता जमत नाही असं काय काय, ते लिहून आणा." नाना विचारात पडले. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आधी तरी काय जमत होतं?" शेवटी नानांनी वहीच्या पानावर लिहून नेलं, की मांडी घालता येत नाही, त्यामुळं पंगतीत एकट्याला खुर्ची देतात, आणि खुर्चीवरच्या माणसाकडं जिलबी वाढणाऱ्याचं लक्ष जात नाही. वकीलसाहेबांनी त्यातली मांडी ठेवली, जिलबी काढली. नानांच्या मते केस तिथंच अर्धी कच्ची झाली.

विशेष आहाराचंही तसंच. शहाळेवाल्याकडं नानांनी पक्कं बिल मागितलं. त्यानं शहाळं परत मागितलं. खाटकाकडून मात्र त्यांनी चिठ्ठी मिळवली: 'बोकडाचे पाय, नग आठ'. डॉक्टरांनी सूप प्या म्हटलं होतं. वकीलसाहेब म्हणाले, "या खान्याला कोर्ट अंदाजानं ठोक रक्कम देतं. याला बिल लागत नाही."

"असू द्या की," नाना म्हणाले. "पायासाठी पाय आहेत."

मग अपंगत्वाचा दाखला. डॉक्टरांनी गुडघा किती वाकतो ते कोन मोजायच्या पट्टीनं मोजलं, टेप लावून दोन्ही पायांची लांबी घेतली आणि कायमचं अपंगत्व २२ टक्के असं लिहून दिलं. डावा पाय अर्ध्या इंचानं आखूड भरला. नाना बाहेर आले ते चिडूनच. "टेप ढिली धरली होती, सर. कुणाचं माप घेतायत ते तरी बघायचं! पाऊण इंच आहे. मी घरी घेतलंय." तीस वर्षं लोकांच्या पायांची मापं घेतलेल्या माणसाला अर्धा इंच आणि पाऊण इंच यातला फरक सहन होणं शक्यच नव्हतं. त्या रात्री त्यांनी मशीनवर बसून, म्हणजे पाय स्टुलावर सरळ टाकून, स्वतःसाठी एक पायजमा शिवला. उजवा पाय एकोणचाळीस, डावा सव्वाअडतीस. तो पायजमा कोर्टात दाखल करून घ्यावा, त्याला रीतसर निशाणी क्रमांक पडावा, असा त्यांनी धोशा लावला. वकीलसाहेबांनी हात जोडले. तरी प्रत्येक तारखेला नाना तोच पायजमा घालून जायचे, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात शेजारी बसलेल्याला दोन्ही पायांची पट्टी जुळवून दाखवायचे. व्हरांड्यातला निकाल कायम त्यांच्या बाजूनं लागायचा.

आता सामनेवाला क्रमांक १ यांच्याविषयी. हे आबा. पलीकडच्या गावचे, ट्रॅक्टरचे मालक, हप्ते अजून फिटायचे आहेत असे. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी ते मोसंबी घेऊन हॉस्पिटलात आले आणि रडले. नानांनीच त्यांची समजूत काढली. "आबा, तुमच्यावर दावा नाही हो. दावा कंपनीवर. तुम्ही आपले कागदावर." आपल्याकडं दाव्यातली भांडणं साधारण अशीच असतात. ज्याच्यावर राग धरायचा तो बांधालगतचा, आणि ज्याच्याकडून पैसे घ्यायचे ती कंपनी कुठं बसते ते कुणी पाहिलेलं नसतं. आबा पहिल्या तारखेला हजर राहिले, नंतर यायचे बंद झाले. २०२२ मध्ये त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. कपडे कुणाकडं शिवायचे, हा प्रश्नच नव्हता. नानांनी सामनेवाल्याच्या मुलाची शेरवानी शिवली. उशिराच दिली.

पण मालक कोर्टात येऊन लढत नाही किंवा अर्जदाराला आतून सामील आहे असं दिसलं, की कायद्याचं कलम १७० विमा कंपनीला मोकळीक देतं. कोर्टाची परवानगी काढून कंपनी मालकाच्या वतीचे सगळे मुद्देही मांडू शकते. कंपनीच्या वकिलांनी ती परवानगी काढली. त्यांचं म्हणणं तीन कलमी होतं. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता, तो दुसऱ्याचा ऊस भाड्यानं ओढत होता. ट्रेलरचा तर विमाच नाही. आणि शेवटचं, चूक अर्जदाराचीच. हे तिसरं कलम ऐकून नानांचं जेवण कमी झालं, असं काकू सांगतात. किती कमी झालं, ते सांगत नाहीत.

मधेच एकदा राष्ट्रीय लोकअदालतीत प्रकरण ठेवलं गेलं. कंपनीचे साहेब टेबलापलीकडं फायलींचा गठ्ठा घेऊन बसलेले. दिवसभरात पन्नासेक प्रकरणं उरकायची असावीत. नाना तयारीनं गेले होते. खुर्चीत बसताच त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर ओढला, प्लेटच्या जागेवरचा वण नीट दिसेल असा पाय पुढं केला. साहेब फाइल चाळत म्हणाले, "तीन लाख. व्याजासकट." नाना पाय तसाच धरून बसले. साहेबांनी वर पाहिलं नाही. वकीलसाहेबांनी हळूच समजावलं, की रक्कम वाईट नाही, इथं मिटलं तर महिन्यात पैसे, आणि लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसल्यामुळं कायमचा निकाल. नानांनी पायजमा खाली केला आणि उठले. मला म्हणाले, "तीन लाखांचं काही नाही, सर. पण माणसं कापड घेताना तरी हात लावून बघतात."

तीन लाख म्हणजे त्यांच्या दुकानाची दोन-अडीच वर्षांची कमाई. काकू चार दिवस बोलल्या नाहीत.

दरम्यान नाना सल्लागार झाले होते. पंचक्रोशीत कुणाचं हाड मोडलं की नाना डॉक्टरच्या आधी तिथं. प्लास्टर ओलं असतानाच विचारायचे, "एफआयआर झाला का? गाडीचा नंबर कुणी घेतला? ॲडमिट होताना काय सांगितलं? घसरून पडलो असं सांगितलं असेल तर संपलं." हे मात्र खरं आहे. केस-पेपरवर पहिल्या दिवशी घाबरून लिहून घेतलेलं एक वाक्य पुढं वर्षानुवर्षं नडतं. "माझ्या वेळी मुदत नव्हती," असं ते जुन्या काळातल्या स्वस्ताईसारखं सांगतात. "१ एप्रिल २०२२ पासून सहा महिने. आता आळस करून चालत नाही." गाडी पळून गेली असेल तरी सरकारी योजनेत मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमेला पन्नास हजार मिळतात, हेही गावाला नानांनीच सांगितलं. त्यांच्या सल्ल्यानं दोघाचौघांचं खरोखर भलं झालं. त्यांचे कपडे मात्र अजून व्हायचे आहेत.

उलटतपासणीच्या दिवशी मी नानांबरोबर गेलो होतो, म्हणून हे सगळं कानांनी ऐकलेलं. वकीलसाहेबांनी आदल्या दिवशी तासभर पढवलं होतं, की विचारतील तेवढंच बोलायचं, आणि आपण आजारी आहोत हे विसरायचं नाही. नाना लंगडत पिंजऱ्यात गेले. नेहमीपेक्षा जरा जास्तच. कंपनीचे वकील वयानं लहान, आवाज गोड. त्यांनी ना अपघाताचं विचारलं ना पायाचं.

"नाना, पंचक्रोशीतले सगळ्यात जुने टेलर आपणच ना?"

झालं. नाना ताठ झाले. "सगळ्यात जुने आणि सगळ्यात चांगले."

"शाळेचे गणवेश आपल्याकडंच?"

"आपल्याकडंच म्हणजे? दुसऱ्याला जमतच नाहीत."

"मग लॉकडाउनमध्ये दुकान बंद पडून हाल झाले असतील."

आमचे वकीलसाहेब उठायला लागले होते, पण तेवढ्यात नाना बोलून गेले, "बंद कशाला? पाच हजार मास्क शिवले! तहसीलदारसाहेबांनी सत्कार केलाय."

"या पायानं?"

"पायाचा काय संबंध? मशीनला मोटार आहे. अपघाताच्या आधीपासून. गावात पहिली मोटार मीच बसवली!"

वकीलसाहेब खाली बसले आणि टेबलावरच्या कागदांत काहीतरी शोधू लागले. सहा वर्षं गावभर कण्हणाऱ्या माणसाला नेमकं कण्हायच्या जागी कण्हता आलं नाही. घरी, दारी, एसटीत, पंगतीत नाना मोडलेले असत. पण "तुम्हाला जमत नाही ना?" असं परक्यानं नुसतं सुचवलं असतं, तरी त्यांनी कोर्टाच्या जिन्यावरून पळून दाखवलं असतं.

शेवटी संगनमताचा प्रश्न आला. "सामनेवाला क्रमांक १ यांच्या मुलाच्या लग्नाचे कपडे आपणच शिवले, हे खरं आहे?"

"खरं आहे," नाना म्हणाले. "आणि शिलाई अजून बाकी आहे, हेही लिहून घ्या."

न्यायाधीशांनी तोंडावर रुमाल धरला. लिहून घेतलं की नाही, ते कळलं नाही. मग ठरलेली सूचनांची माळ सुरू झाली. प्रत्येक सूचनेला नानांनी नाही म्हणायचं आणि ते "असे म्हणणे खरे नाही की" या थाटात नोंदलं जायचं. असे म्हणणे खरे नाही की अपघात माझ्या चुकीने झाला. असे म्हणणे खरे नाही की माझी कमाई कमी झालेली नाही. ही भाषा नानांना इतकी भावली की पुढं कित्येक दिवस ती घरात चालली. काकूंनी विचारलं, डब्यातले लाडू कुणी संपवले, की पलंगावरून आवाज यायचा, "असे म्हणणे खरे नाही की लाडू मी खाल्ले."

जून २०२५ मध्ये निकाल लागला. वकीलसाहेबांनी तो ओळीओळीनं समजावला, कारण त्यात गणित होतं. चूक ट्रॅक्टरचीच, हे कोर्टानं मान्य केलं. नानांनी महिन्याची कमाई पंचवीस हजार सांगितली होती. पुरावा म्हणून मापाची वही होती, आणि वहीत मापंच होती. कोर्टानं दहा हजार धरली. स्वतःचा धंदा आणि वय पन्नास ते साठ, म्हणून प्रणय सेठी खटल्यातल्या २०१७च्या निकालाप्रमाणं पुढच्या वाढीचे दहा टक्के त्यात मिळवले. वर्षाचे एक लाख बत्तीस हजार. अपघाताच्या वेळी वय ५२, म्हणून सरला वर्मा निकालाच्या २००९च्या तक्त्यातला गुणक ११. झाले चौदा लाख बावन्न हजार. इथवर नाना खुशीत होते. तक्ता त्यांनी स्वतः बघितला आणि सेहेचाळीस ते पन्नास या वयाला गुणक १३ आहे हे कळल्यावर "दोन वर्षं आधी पडायला हवं होतं," असंही म्हणाले.

मग टक्के आले. कोर्टानं म्हटलं, की दाखल्यातले २२ टक्के हे डाव्या पायापुरते. ते सगळ्या शरीराचे नव्हेत आणि कमाईचे तर नव्हेतच. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सांगून ठेवलंय, की डावा हात गेलेल्या ड्रायव्हरची कमाई जवळपास सगळी जाऊ शकते, आणि तोच हात गेलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी शाबूत राहू शकते. म्हणजे टक्के हाडाचे धरायचे नाहीत, धंद्याचे धरायचे. मशीनला मोटार, पाच हजार मास्क, सत्कार. पण कापड बेतायला तासन् तास उभं राहावं लागतं, तेवढ्यापुरते दहा टक्के. एक लाख पंचेचाळीस हजार दोनशे. त्यात दवाखान्याची बिलं, चार महिन्यांची बुडालेली कमाई, वेदना, आहार, मांडी, सगळं मिळून चार लाख एकवीस हजार सहाशे, आणि दावा दाखल झाल्यापासून साडेसात टक्के व्याज. निम्मी रक्कम तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून.

लोकअदालतीतल्या तीन लाखांच्या दुप्पट व्हायला आली. आम्ही पेढे आणायला निघालो होतो. नाना मात्र सुन्न. "बावीसचे दहा झाले. माझे बारा टक्के कुठं गेले?"

"बारा टक्के बरे झालात म्हणायचं," काकू म्हणाल्या.

गाव त्यांना पाचेक वर्षं 'बावीस टक्के' म्हणत होतं. त्यांनीच ते रुळवलं होतं. आता या वयात दहा टक्के म्हणवून घ्यायचं! अपील करायचंच, असं त्यांनी जाहीर केलं. कलम १७३, मुदत ९० दिवस. बाविसाच्या हिशेबानं पावणेदोन लाख वाढतात, म्हणजे अपिलाला पुरेसा फरक आहे, हेही त्यांनी कागदावर काढलं. काकूंनी आपला शेवटचा बाण काढला. हायकोर्ट मुंबईला. तिथं कोण नेणार, कुठं उतरणार? नाना गप्प झाले. आणि १८ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याच्याकडं आले, आमचाही त्यात आला. त्या भागातल्या वकिलांनी पिढ्यान् पिढ्या आंदोलन केलं ते नानांसाठीच, याविषयी नानांच्या मनात शंका नाही.

इकडं आबांचा वेगळाच घोर. निकालात आणखी एक ओळ होती. ट्रेलरला विमा नव्हता आणि ट्रॅक्टर भाड्याचा ऊस ओढत होता, म्हणून कंपनीनं आधी अर्जदाराला पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत. जे नाना सहा वर्षं "तुमच्यावर नाही, कंपनीवर" म्हणत होते, त्यांचे सगळे पैसे फिरून आबांच्याच दारात आले. आबा नानांकडं आले, बराच वेळ खुर्चीच्या कडेवर बसले. मग म्हणाले, "नाना, तुम्ही वाढवून मागणार, मी माफ करा म्हणणार. एकाच दिवशी जाऊ. गाडी माझी काढतो."

जायच्या आधी वकीलसाहेबांनी सांगून पाहिलं, की सह्या इथंच होतील, अपिलात पक्षकारानं यायची गरज नसते. साक्ष नाही, उलटतपासणी नाही. कोर्ट कागद वाचतं.

"मग पाय कोण बघणार?" नानांनी विचारलं.

वकीलसाहेबांकडं उत्तर नव्हतं. काकूंनी एव्हाना अंबाबाईच्या ओटीचं सामान काढलं होतं आणि शुक्रवारच बघा, असं बजावलं होतं. ठरल्या शुक्रवारी सकाळी आबांची गाडी दुकानासमोर उभी राहिली. मागं काकू, ओटीची पिशवी, एक्स-रेची पिशवी. पाय वाकत नाही म्हणून नानांना पुढची सीट, अर्थात पाऊण इंच आखूड पायजम्यात. आबांनी दार उघडून धरलं. नाना आत बसले नाहीत. दारावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "आबा, हिचा विमा फुल आहे का नुसता थर्ड पार्टी?"

"का हो?"

"नुसता थर्ड पार्टी असला, तर खासगी गाडीत फुकट बसलेल्याला कंपनी काही देत नाही. कागद दाखवा आधी."

आबा डॅशबोर्डचा खण उपसायला लागले. काकूंनी मागून घड्याळ पाहिलं.